वय झालं होतं म्हणून दुःख कमी धरायचं का? (आजी गेल्यानंतर)

रंगभवनची_लेक

सलाम मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचत असते, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमची आजी, म्हणजे पप्पांची आई, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होण्याच्या जरा आधी देवाघरी गेली. वय ९१. सोलापूरच्या वोरोनोको शाळेत शिकलेली, पुढं स्वतः शिक्षिका झाली. निम्म्या गल्लीला बाराखडी तिनंच गिरवायला लावली. शेवटची काही वर्षं मात्र डिमेन्शिया. पप्पा स्वतः ६८ चे, रेल्वेतून रिटायर झालेले. आजीचं सगळं तेच करायचे. आंघोळ, औषधं, दुधात भाकरी कुस्करून भरवणं. बाई ठेवू म्हटलं की म्हणायचे, "तिनं मला वाढवायला बाई ठेवली होती का?"

दफनविधी चांगला झाला. मुंबईची आत्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी पोचली, ऊन उतरल्यावर शवपेटी उचलली. चर्च भरलेलं होतं. आणि जो येईल त्याचं एकच वाक्य: "वय झालं होतं हो, सोनं झालं." कुणी म्हणालं, "सुटली बिचारी." कुणी, "पतवंडं बघून गेली, अजून काय पाहिजे?" पप्पा प्रत्येकापुढं मान डोलवत होते.

तेव्हापासून ते उपासनेला आलेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. भाजी मार्केटला जाताना तोच गुडघा बरा असतो. रडताना मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

माझं म्हणाल तर पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, त्यात शंका नाही. पण तो डोक्यात आहे. आजीच्या खोलीत पाऊल टाकलं की तो काही उपयोगी पडत नाही. मी पुण्यात असते, सध्या रजा टाकून सोलापुरात आहे.

तर प्रश्न असा: घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर विश्वासाचा तुम्हाला नेमका कसा आधार झाला? फुलांच्या फोटोवर छापलेली वचनं कृपया नकोत, ती व्हॉट्सॲपवर पोटभर झालीत.

प्रभूचा_सेवक

ताई, आजी प्रभूमध्ये निजल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ वाचा. आशा नसलेल्या लोकांसारखा आपण खेद करायचा नाही. इतकं दुःख करणं हा अविश्वास आहे. वडिलांना उपासनेपासून दूर नेणारा कोण, हे ओळखा. सैतान अशीच संधी बघत असतो. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

का_बे_सोलापूर

लै जड झालं वाचून. आजीला सलाम.

पण वरच्या प्रतिसादाला -१. माणसाची आई गेलीय अन् तुम्ही सैतान कुठनं आणला ओ मधीच?

जुना_पाळक

रंगभवनची_लेक, तुझ्या आजीसाठी देवाचे आभार मानतो. मी नगर आणि सोलापूर भागात पुष्कळ वर्षं पाळकाचं काम केलं, आता निवृत्त आहे. दफनविधी इतके केले की "सोनं झालं" हे वाक्य किती वेळा कानावर आलं त्याला गणती नाही. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. तरी या वाक्यानं रडणाऱ्याचं तोंड बंद होतं, हे मी पाहिलेलं आहे.

सेवक यांनी दिलेलं वचन खरं आहे, पण ते पुढचं-मागचं सोडून वाचू नये. थेस्सलनीकातल्या मंडळीला काळजी होती ती अशी: प्रभू परत येण्याआधीच जी आपली माणसं मेली, त्यांचं काय होणार? ती मागं राहून जाणार का? त्यांना हे पत्र लिहिणारा पौल सांगतो की नाही, तीही उठतील, आणि मग आपण सगळे प्रभूजवळ असू. दुःख करू नका, असं तो म्हणत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखं करू नका, म्हणतो. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

आता वयाचं बघ. बायबलमधलं अनुवाद ३४. मोशे मेला तेव्हा १२० वर्षांचा होता. त्याच्याहून "वय झालं होतं" कुणाचं असणार? तरी इस्राएल लोकांनी मवाबाच्या मैदानात त्याच्यासाठी ३० दिवस शोक केला. "सोनं झालं" म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी तंबू हलवला नाही.

त्याच्याही आधी उत्पत्ती ४९ आणि ५०. याकोब १४७ वर्षांचा होऊन गेला. मुलंबाळं भोवती, प्रत्येकाला आशीर्वाद देऊन झालेला, कुठं पुरायचं तेही सांगून ठेवलेलं. याहून भरलेलं मरण शास्त्रात शोधून सापडायचं नाही. आणि त्याचा मुलगा योसेफ, फारो राजाच्या हाताखाली अख्ख्या मिसरचा (इजिप्तचा) कारभारी, पन्नाशी उलटलेला माणूस, बापाच्या तोंडावर पडून रडला आणि त्याचे मुके घेतले. मिसरी लोकांनी ७० दिवस शोक केला. पुढं कनान देशात अटादाच्या खळ्यावर पोचल्यावर आणखी सात दिवस. तिथल्या लोकांना नवल वाटलं, इतका मोठा शोक!

तुझ्या वडिलांना हा अध्याय वाचून दाखव. उपदेश करू नकोस, नुसता वाच.

तर्कवादी

धागाकर्तीच्या दुःखात सहभागी. मी नास्तिक, त्यामुळे इथं बोलावं की नाही कळत नाही. आजोबा गेले तेव्हा "वय झालं होतं" मलाही ऐकवलं गेलं आणि ऐकवणाऱ्याचा राग आला होता, तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा.

प्रामाणिक प्रश्न: "पुन्हा भेट होईल" ही शेवटी मनाची समजूतच नाही का? भांडायला विचारत नाहीये.

जुना_पाळक

@तर्कवादी, अवश्य बोला. सिद्ध करून दाखवता येईल असं माझ्याकडं काही नाही. ख्रिस्त उठला, या साक्षीवर आमचं सगळं उभं आहे. तो उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हे खुद्द पौलानंच १ करिंथकरांस १५ मध्ये लिहून ठेवलंय. तुमचा प्रश्न त्यानं तुमच्याआधी विचारलेला आहे.

मात्र नुसती समजूत घालायची असती तर योहान ११ वेगळा लिहिला असता. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजार मेला, चार दिवस झाले, मग येशू त्यांच्या गावी, बेथानीला आला. मार्था उठून वेशीबाहेर त्याला गाठायला गेली. मरीया घरातच बसून राहिली. पुढं दोघी त्याला एकच वाक्य बोलल्या: प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. वाक्य तेच, पण येशूनं दोघींना वेगवेगळं उत्तर दिलं. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेपुढं तसं काहीच बोलला नाही, कुठं ठेवलं एवढंच विचारलं आणि रडला. थोड्या वेळानं आपण लाजाराला उठवणार आहोत हे माहीत असूनसुद्धा रडला.

रंगभवनची_लेक, तू मार्था आहेस, बोलून मोकळी होणारी, प्रश्न विचारणारी. तुझे वडील मरीयेसारखे घरात बसलेत. त्यांना तुझ्यासारखं उत्तर देऊन चालणार नाही.

तर्कवादी

विश्वास बसला असं म्हणणार नाही, पण दोघींचा हा फरक कधी लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

मिरजमिशन_सिस्टर

पाळकसाहेबांनी आत्म्याचं सांगितलं, मी शरीराचं सांगते. माझं नर्सिंगचं ट्रेनिंग मिरज मिशनचं, नंतरची सगळी नोकरी सोलापुरात. आता घरीच असते.

ताई, तुमच्या पप्पांनी काही वर्षं रात्री एक कान उघडा ठेवून झोप काढली असणार. डिमेन्शियाचं माणूस रात्री उठतं, दार उघडतं, घर ओळखत नाही. असं माणूस गेल्यावर सांभाळणाऱ्याला आधी सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटते. आपण आपल्याच आईच्या जाण्याची वाट बघत होतो की काय, हा विचार ते कुणाला बोलून दाखवत नाहीत. पुरुष तर नाहीच. त्यात येणारा-जाणारा "सुटली बिचारी" म्हणाला, की आपलं मन उघडं पडलं असं वाटतं. ते चर्चला का टाळतात, याचं मला तरी हे एक कारण दिसतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. त्यांना एकदा स्पष्ट सांगा की दमलेल्या माणसाला असं वाटतंच, ते पाप नाही.

दुसरं. झोप, जेवण यांवर लक्ष ठेवा. मनावरचं ओझं उतरतच नाहीये, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असली भाषा सुरू झालीय, असं दिसलं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. औषध घेतल्यानं विश्वास कमी ठरत नाही, हे मी आयुष्यभर पेशंटना सांगत आले.

आणि एक विचारते, आजी शेवटपर्यंत गात होत्या का?

रंगभवनची_लेक

सिस्टर, तुम्हाला कसं कळलं? हो! पप्पांना ती "मास्तर" म्हणायची, मला "नवीन बाई". पण उपासना संगीतातलं (आमचं चर्चच्या गीतांचं पुस्तक) एखादं गीत सुरू केलं की सगळी कडवी बिनचूक. मध्येच मी एक ओळ गाळली तर हात वर करून थांबवायची. शिक्षिकाच ती.

सुटल्यासारखं वाटण्याचं तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. पप्पांना कसं सांगायचं ते बघते.

मिरजमिशन_सिस्टर

पुष्कळ पेशंटमध्ये बघितलंय. आताचं आधी पुसतं, लहानपणी चालीवर पाठ केलेलं फार उशिरापर्यंत टिकतं. गाण्याची आठवण मेंदूत जरा वेगळ्या वाटेनं साठते, म्हणून नावं गेली तरी गाणं उरतं. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, मुलाला ओळखत नव्हते, पण २३ वं स्तोत्र सुरू केलं की पुढचं सगळं म्हणायचे. तुमच्या आजीनं तुम्हाला नवीन बाई म्हटलं ते मनाला लावून घेऊ नका.

साखरपेठ_अक्का

मी ख्रिश्चन नाही, पद्मशाली आहे, आमच्या घरी तेलुगू चालतं. पण बाईंची (आम्ही बाईच म्हणायचो) विद्यार्थिनी असावी असा दाट संशय आहे. नाताळला करंज्या-अनारशाचं ताट घेऊन यायच्या आणि ताट परत देताना रिकामं द्यायचं नाही म्हणून आमची आई त्यात शेंगाचटणी घालायची. त्याच असतील तर माझाही नमस्कार.

एक मनापासून विचारते, वाईट वाटून घेऊ नका. आमच्यात माणूस गेलं की दहावा, बारावा, तेरावा असतो. भटजी, स्वयंपाक, नातेवाईक, कुणाला काय द्यायचं, काय नाही. वैताग येतो खरा, पण तितके दिवस माणसाला बसू देत नाहीत. आमचे वडील गेले तेव्हा मोठा भाऊ त्या धावपळीवर तगला. तुमच्यात तिसऱ्या दिवसापासून घर शांत होतं, हे मी शेजारी बघितलंय. मग त्या माणसानं करायचं काय?

जुना_पाळक

अक्का, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

इकडं मिशनचं काम आणलं ते अमेरिकन मराठी मिशननं, सोलापुरात १८६० च्या दशकापासून. त्या मिशनरींची परंपरा साधी होती. मेलेल्यासाठी विधी करून त्याची गती बदलत नाही, ती देवाच्या हाती आहे, हा त्यामागचा विचार, आणि तो मी आजही मानतो. गेलेल्याचं काही अडलेलं नाही, ही मोठी सुटका आहे. कर्ज काढून तेरावा घालण्यापासून गरीब माणूस वाचला, हेही खरं. पण मागं राहिलेल्यांचं अडलेलं असतं, आणि त्यांच्यासाठी लावून दिलेलं असं फारसं काही नव्हतं.

ती जागा आपल्या लोकांनी हळूहळू भरली. घरची भक्ती, पेटी, तबला, टाळ. ना. वा. टिळकांसारख्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली, म्हणून जी बाई इंग्रजी चालीवर नुसते ओठ हलवायची ती मोकळ्या गळ्यानं गाऊ लागली. टिळक १९१९ साली गेले, पण त्यांची गीतं दुःखाच्या घरी आजही आधी निघतात. पूर्वी आमच्या मंडळीत दफनानंतर कितीतरी संध्याकाळी कुणी ना कुणी त्या घरी जाऊन बसायचं. आता दफनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक सांत्वनाची भक्ती, चहा, बिस्किट, आणि मंडळी मोकळी. लोकांना वेळ नाही म्हणतात. लग्नाच्या रिसेप्शनला असतो.

वसईवाला

आम्ही कॅथोलिक, त्यामुळं आमच्याकडं थोडं वेगळं. सातव्या दिवशी, महिन्यानं आणि वर्षानं मिस्सा (चर्चमधली उपासना) असते, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी, आणि नोव्हेंबर महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना. आम्ही मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतो, तुम्ही करत नाही, हा फरक मोठा आहे, त्यावर इथं वाद नको. पण वर्षभर ठरलेल्या दिवशी त्या माणसाचं नाव वेदीपुढं घेतलं जातं, याचा मला माझ्या आजोबांच्या वेळी फार आधार झाला. एरवी लोक नाव घ्यायला घाबरतात.

जुना_पाळक

वसईवाला, वाद नाही. १९७० मध्ये सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाल्यावर वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. त्यामुळं आमच्यातही काही मंडळ्यांत २ नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतात, काहींत नाही. आम्ही त्यांच्यासाठी मागत नाही, त्यांच्याबद्दल आभार मानतो. नाव मात्र मोठ्यानं घ्यावं, या मताचा मीही आहे.

प्रभूचा_सेवक

पाळकसाहेब, मोशेसाठी ३० दिवस शोक केला आणि मग थांबले, हेही त्याच वचनात आहे. थांबायचंही असतं. नाहीतर लोक शोकालाच देव करतात.

जुना_पाळक

मान्य. थांबायचं असतं. पण इथं अजून सुरुवातच झालेली नाही, त्याचं काय करायचं?

का_बे_सोलापूर

माझं थोडक्यात. आमची आई-आजी (आईची आई) गेली तेव्हा मी विशीत होतो. वचन-बिचन काही सुचलं नाही. चर्चमधले एक काका रोज संध्याकाळी यायचे अन् अंगणात नुसते बसायचे. पेपर वाचायचे, शेंगा खायचे, जायचे. एकदा पण म्हणले नाहीत की धीर धर. ते यायचे म्हणून मी घरी थांबायचो. माझ्यापुरता विश्वासाचा आधार म्हणजे ते काका.

अन् ईस्टरला पहाटे दफनभूमीत या. आमची मंडळी जाते. अंधारात निघायचं, तिथं उजाडतं. सोलापुरात नंतर उभं राहवत पण नाही उन्हानं.

रंगभवनची_लेक

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

काल रात्री पप्पांना उत्पत्ती ५० वाचून दाखवला. आधी म्हणाले, माहीत आहे, संडे स्कूलपासून ऐकतोय. तरी वाचला. सत्तर दिवसांपाशी त्यांनी हात वर केला, अगदी आजीसारखा. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाले, "एवढी रजा? आमच्या डिव्हिजनला असला फारो नव्हता." मी हसले, तेही हसले, आणि हसता हसताच त्यांचा आवाज गेला. मग बराच वेळ आम्ही दोघं तिथंच बसून होतो. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

नंतर ते आपणहून बोलू लागले. सिस्टर, तुमचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर होता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी एकदा "प्रभू, आता ने" अशी प्रार्थना केली होती आणि तेव्हापासून आपण आईला घालवली असं त्यांना वाटत होतं. मला काय बोलावं सुचेना.

पाळकसाहेब, यावर काय सांगू त्यांना?

जुना_पाळक

त्यांना लूक २ मधला शिमोन दाखव. आता आपल्या दासाला शांतीनं जाऊ दे, असं त्यानं स्वतःच देवाजवळ म्हटलं, आणि मंडळी ते शब्द शतकानुशतकं संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणत आली आहे. "आता ने" ही प्रार्थना नवी नाही आणि वाईटही नाही. तुझ्या वडिलांनी ती आईच्या वतीनं केली, कारण तिला शब्द उरले नव्हते.

आणि यशया ४६:४ त्यांच्यासाठी माझ्याकडून. तुमचे केस पिकले तरी मी तुम्हाला खांद्यावर वागवीन, असं तिथं देव म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला उचलून नेणं म्हणजे काय, हे तुझ्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आईला त्यांनी किती वेळा उचललं असेल! ते वचन त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

मिरजमिशन_सिस्टर

+१. आणि दुखतोय तो गुडघा खराच दुखत असेल, एकदा दाखवून घ्या. इतकी वर्षं माणूस उचललंय.

रंगभवनची_लेक

उद्याच दाखवते.

रविवारी चर्चला यायला पप्पा अजून तयार नाहीत. मी आग्रह केला नाही. ईस्टर पहाटेचं "बघू" म्हणालेत. पण शुक्रवारी संध्याकाळी घरी भक्ती ठेवायला स्वतःहून हो म्हणाले. दोन अटी आहेत. एक, गीतं आजीच्या आवडीची, तिच्या पुस्तकात खुणा आहेत त्या क्रमानं. दोन, "सोनं झालं" म्हणणाऱ्याला चहा मिळणार नाही.

अडचण एवढीच की पेटी वाजवणारे आमचे काका गावाला गेलेत. कुणी आहे का?

का_बे_सोलापूर

पेटी येत नाही, तबला घेऊन येतो. पत्ता व्यनि करा.

साखरपेठ_अक्का

मी येऊ का? गाणी येत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणते, किती माणसं धरू?

प्रभूचा_सेवक

माझं मत कायम आहे. पण मला पेटी वाजवता येते आणि मी सात रस्त्याजवळच राहतो. चालणार असेल तर येतो.

रंगभवनची_लेक

सेवकदादा, चालेल, या. काळी चारमध्ये लागतील, आजीची पट्टी तीच होती. अक्का, तुम्ही तर याच, वीसेक माणसं धरा आणि चटणी जरा कमी तिखट. शुक्रवारी सात वाजता. पत्ता तिघांनाही पाठवला आहे.